माळ्यावरचा गेमबॉय बंद पडलाय? त्यातलं संगीत अजून काढता येतं

पेडणे : चवथीच्या आधी साफसफाई निघाली की माळ्यावरून काय काय खाली येतं, ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको. तांब्याची भांडी, भजनाच्या जुन्या वह्या, गाण्यांच्या कॅसेटींचा डबा आणि त्यातच कुठेतरी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला हातातला व्हिडिओ गेम. पेडणे असो, डिचोली असो की सीमेपलीकडे बांदा-दोडामार्ग, ज्या घरातलं कुणी आखातात किंवा बोटीवर नोकरीला होतं, त्या घरात ही वस्तू सापडण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे गेमबॉय दुकानातून कमी आणि सुट्टीवर येणाऱ्यांच्या बॅगांतून जास्त आला. तेव्हा मोपाचा विमानतळ नव्हता, दाबोळीला किंवा मुंबईला उतरून माणूस घरी यायचा आणि पोरांचं लक्ष बॅगेच्या चेनकडे असायचं.

आता तो गेम बहुधा चालू होत नाही. सेलच्या डब्यात पांढरा-हिरवा थर चढलेला असतो, पडद्यावर डाग असतात. मग तो भंगारात जातो. पण ज्यांनी तो हातात धरून तासन्‌तास घालवलेत त्यांना विचारा, पडद्यावरचं चित्र त्यांना धूसर आठवतं, आवाज मात्र स्पष्ट आठवतो. म्हणून प्रश्न असा येतो : खेळ गेला तर गेला, ती धून तरी मोबाईलवर घेता येईल का?

येते. कित्येकदा यंत्र पूर्ण मेलेलं असलं तरी येते. पण कशी येते ते तुमच्या हातात नेमकं कुठलं यंत्र आहे त्यावर ठरतं. इथेच लोकांची गफलत होते आणि चुकीची वस्तू भंगारात जाते.

आत गाणं नसतं, गाण्याची वही असते

पहिली गोष्ट समजून घ्यायची ती ही, की जुन्या गेममध्ये संगीताचं रेकॉर्डिंग नसतं. असूच शकत नाही. जागाच नाही. गेमबॉय जपानमध्ये एप्रिल १९८९ मध्ये बाजारात आला. त्याच्यासोबत आपल्याकडेही सगळ्यांना माहीत झालेला खेळ म्हणजे टेट्रिस, वरून ठोकळे पडतात तो. टेट्रिसच्या पूर्ण कॅसेटमध्ये (कार्ट्रिज हा शब्द आपण कुणी वापरला नाही, आपण कॅसेटच म्हणायचो) माहिती किती, तर ३२ केबी. म्हणजे ३२,७६८ बाइट. आज व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा बहुधा यापेक्षा जड असतो. सीडीच्या दर्जाचं रेकॉर्डिंग एका सेकंदाला १,७६,४०० बाइट खातं. हिशेब केला तर सगळी टेट्रिसची कॅसेट नुसत्या गाण्याने भरली असती, तरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतकंही गाणं मावलं नसतं. आणि या ३२ केबीत खेळही आहे, चित्रंही आहेत आणि कितीही वेळ वाजत राहणाऱ्या धुनाही आहेत.

हे जमतं कसं? आपल्या भजनी मंडळाचं उदाहरण घ्या. वहीत लिहिलेलं असतं : हा स्वर, एवढ्या मात्रा, मग तो स्वर. वहीत आवाज नसतो. आवाज पेटीवाला काढतो. गेमची कॅसेट ही वही आहे आणि गेमबॉयच्या आतली आवाजाची चिप हा वाजवणारा. गेमबॉयमध्ये असे चार वाजवणारे आहेत. दोघे एकाच जातीचे, सरळ कापलेल्या लहरीचा टोकदार आवाज काढणारे. मुख्य चाल आणि तिची साथ बहुतेक वेळा हेच दोघे सांभाळतात. तिसऱ्याला लहरीचा आकार आपण ठरवून देऊ शकतो, ३२ छोट्या पायऱ्यांत. त्याच्याकडे सहसा खालचा, भरदार स्वर असतो. चौथा नुसता खरखराट करतो, म्हणजे झांज आणि ढोल त्याच्याकडे. सेकंदाला साधारण साठ वेळा गेमचा प्रोग्राम वही उघडतो, पुढची ओळ बघतो आणि चौघांना सांगतो, तू हा स्वर धर, तू थांब, तू एक ठोका दे.

म्हणूनच गेमबॉयचा स्पीकर फुटला, पडदा गेला, आतली पट्टी गंजली, तरी कॅसेट शाबूत असेल तर वही शाबूत आहे. फक्त वाजवणारा दुसरा शोधायचा.

याच्या उलट उदाहरण गोव्याचंच देता येईल. केसरबाई केरकर यांचं गाणं १९७७ साली नासाने व्हॉयेजर यानासोबत अंतराळात पाठवलं, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांची भैरवी. (केसरबाईंची केरी फोंड्याची. आपल्या पेडण्याची फेरीबोटीची केरी नव्हे आणि सत्तरीचीही नव्हे. हा घोळ दरवेळी होतो म्हणून सांगितलं.) ते खरं रेकॉर्डिंग आहे. बाईंचा आवाज हवेत जसा हलला तसा तो तबकडीच्या खाचेत कोरलेला आहे. पण नुसती तबकडी पाठवून काय उपयोग? परग्रहावर ग्रामोफोन कुठला? म्हणून नासाने तबकडीसोबत सुई दिली आणि वेष्टनावर ती कशी वाजवायची याच्या आकृत्या काढल्या. वाजवण्याची सोय माल्यासोबतच बांधून दिली. जुन्या गेममधलं संगीत काढणारे लोक नेमकं हेच करतात.

काढायचं म्हणजे काय

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे गेमबॉय चालू असेल तर त्याच्या इयरफोनच्या जागेतून एक वायर काढून कॉम्प्युटरला जोडायची आणि रेकॉर्ड करायचं. स्पीकरमधून आवाज एकपदरी येतो, पण इयरफोनच्या जागेतून डावा-उजवा वेगळा मिळतो, हे अनेकांना लहानपणी कळलंच नव्हतं. यात यंत्राची स्वतःची घरघरही येते. काहींना तीच हवी असते आणि मला त्यात काही चूक वाटत नाही. आजीच्या रेडिओची खरखर काढून टाकली तर आजीचा रेडिओ राहत नाही. अडचण एवढीच, की मागे ठोकळे पडल्याचे, फुटल्याचे आवाज मिसळतात.

दुसरा मार्ग कॅसेटमधली माहिती कॉम्प्युटरवर उतरवून घेण्याचा. यासाठी कॅसेट वाचणारी छोटी यंत्रं मिळतात. एका बाजूला गेमची कॅसेट बसते, दुसऱ्या बाजूने यूएसबीची वायर कॉम्प्युटरला जाते. जीबीएक्सकार्ट हे त्यातलं ओळखीचं नाव. बाहेरून मागवावी लागतात, सीमाशुल्क धरून काही हजारांत जातात. एकट्याने घेण्यासारखी वस्तू नाही, पण पेडण्यात एक आणि डिचोलीत एक असली तरी सगळ्यांचं भागेल. ती एकदा लावली की दोन-चार मिनिटांत सगळी वही उतरून मिळते. मग ती इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर चालवायची. चांगल्या इम्युलेटरमध्ये चारपैकी एकेक वाजवणारा बंद करून ऐकता येतो. नुसता खालचा स्वर ऐका, म्हणजे कळेल की लहानपणी तो कानावर पडत होता आणि लक्षात मात्र आला नव्हता.

तिसरा मार्ग खरा काढण्याचा. यात दोन पद्धती आहेत, आणि मी कॉमर्सचा असल्याने मला त्या हिशेबाच्या भाषेतच कळल्या.

एक पद्धत रोजकीर्दीची. गेम चालू असताना आवाजाच्या चिपला कुठल्या क्षणी काय सूचना गेली, ती प्रत्येक नोंद वेळेसकट लिहून ठेवायची. या फायलीला व्हीजीएम म्हणतात. ती वाजवायला गेम लागत नाही. नोंदी एकामागून एक वाचल्या की धून जशीच्या तशी उभी राहते. पण जेवढा वेळ तुम्ही लिहीत बसलात तेवढीच नोंद मिळते, आणि त्या वेळात ठोकळा फुटला असेल तर तोही कीर्दीत येतो.

दुसरी पद्धत मुनीमच उचलून आणण्याची. कॅसेटमधला जो भाग वही वाचतो आणि चिपला हुकूम देतो, तेवढा प्रोग्राम आणि त्याच्या वह्या, एवढंच कापून वेगळं काढायचं. खेळ नाही, चित्रं नाहीत. याला जीबीएस फाईल म्हणतात. तिच्या सुरुवातीला ११२ बाइटचं एक कव्हर असतं. त्यावर किती धुना आहेत, मुनीम कुठल्या पत्त्यावर बसवायचा, धून सुरू करायला कुठे हाक मारायची आणि पुढे दर खेपेला कुठे, हे लिहिलेलं असतं. खाली नाव, संगीतकार आणि हक्क कुणाचे यासाठी जागा. व्हॉयेजरच्या वेष्टनावरच्या आकृत्या म्हणतात त्या याच.

हे पत्ते शोधायचे कसे, तर पहारा बसवून. गेमबॉयमध्ये आवाजाच्या सूचना एका ठरलेल्या जागीच जाव्या लागतात. एफएफ१० पासून एफएफ३एफ पर्यंतचे पत्ते त्यासाठी राखीव आहेत. इम्युलेटरला सांगायचं, की इथे कुणी काही लिहिलं रे लिहिलं की गेम थांबव आणि लिहिणारा कोण ते दाखव. चोर पकडल्यासारखं तिथून उलटं उलटं मागे जायचं, मग मुनीम सापडतो. मुनीमाला धुनेचा क्रमांक द्यायचा असतो, आणि मोजणी शून्यापासून : ० दिला की पहिली, १ दिला की दुसरी. इथेच कधी कधी मजा होते. खेळात कधीच न वाजलेली धून एखाद्या क्रमांकावर निघते. बनवणाऱ्याने लिहिली, मग वापरली नाही, पण वहीतलं पान फाडायचं राहून गेलं.

घरबसल्या हे सगळं स्वतः करायची गरज बहुतेकांना नाही. नावाजलेल्या गेमचं हे काम जगभरच्या हौशी लोकांनी कधीच करून ठेवलंय. तरी तुमची कॅसेट त्यांच्याच आवृत्तीची आहे असं धरून चालू नका. टेट्रिसचंच बघा. ‘ए’ प्रकारची जी धून सगळ्यांच्या तोंडी आहे ती मुळात ‘कोरोबेइनिकी’ हे रशियन लोकगीत. गेमबॉयसाठी ती हिरोकाझू तानाका यांनी बसवली. पण जपानमध्ये अगदी सुरुवातीला निघालेल्या आवृत्तीत त्या जागी दुसरीच धून होती. बाहेरून कॅसेट सारखीच दिसते. तेव्हा घरात कुणी म्हणत असेल ‘आमच्या गेममध्ये वेगळं वाजायचं’, तर लगेच हसू नका.

अजून एक बारीक गोष्ट. गेममधल्या बऱ्याच धुनांना शेवट नसतो. त्या गोल फिरत राहतात. मोबाईलवर घ्यायची तर शेवट आपण ठरवायचा. रूढ पद्धत अशी, की दोन फेरे पूर्ण वाजू द्यायचे आणि मग आठ-दहा सेकंदांत आवाज हळूहळू खाली आणायचा.

नंतरची यंत्रं

२००१ मध्ये गेमबॉय ॲडव्हान्स आला आणि चित्र थोडं बदललं. जुने चार वाजवणारे राहिले, वर खऱ्या वाद्यांचे छोटे छोटे नमुने वाजवण्याची सोय झाली. म्हणजे वहीसोबत वाद्यंही कॅसेटमध्येच आली. बऱ्याच कंपन्यांनी निन्तेन्दोने दिलेला एकच मुनीम वापरला, त्यामुळे एका गेमचं कोडं सुटलं की शंभर गेमचं सुटतं. याचा एक फायदा असा, की अशा गेममधून धून थेट मिडी स्वरूपात काढता येते. कीबोर्डच्या क्लासला जाणाऱ्या पोराला ती स्वर बघून वाजवता येईल. २००४ च्या डीएसमध्ये सगळं संगीत बहुधा एकाच गठ्ठ्यात व्यवस्थित बांधलेलं असतं. त्याच वर्षीच्या सोनीच्या पीएसपीत छोटी तबकडी आली, जागा भरपूर झाली आणि खरी रेकॉर्डिंग घालायला सुरुवात झाली. तिथे काढणं म्हणजे जवळपास फाईल कॉपी करून तिचं स्वरूप बदलणं. काम सोपं, म्हणून सांगण्यासारखंही कमी.

ब्रिक गेमचं मात्र उलटं आहे

आता ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त काळजी वाटते ते यंत्र. गेमबॉय सगळ्यांकडे नव्हता. जत्रेच्या फेरीत, फेस्ताच्या स्टॉलवर, म्हापशाच्या बाजारात मिळायचा तो ‘ब्रिक गेम’, वर ‘९९९९ इन १’ लिहिलेला. दोन पेन्सिल सेलवर चालणारा, चालू केल्यावर ‘टी-टी-टिरी’ करून सगळ्या घराला जागं करणारा. ९९९९ खेळ त्यात कधीच नव्हते, ठोकळे आणि गाडी धरून मोजकेच खेळ वेगवेगळ्या वेगाने मोजलेले, पण तो मुद्दा वेगळा.

या खोक्याला कॅसेट नाही. वही, मुनीम आणि वाजवणारा, सगळे एकाच चिपमध्ये, आणि चिपवर काळ्या डांबरासारखा गोळा ओतलेला. उघडलं तर हिरव्या पट्टीवर तो काळा ठिपका दिसेल, तोच सगळा गेम. त्यातली माहिती बाहेरून वाचायला बहुधा काही सोय नसते. जगात काही लोकांनी अशा चिपवरचं आवरण रसायनांनी उतरवून, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढून, एकेक ठिपका वाचून ती माहिती काढली आहे. १९८० पासून निघालेले निन्तेन्दोचे ‘गेम अँड वॉच’ अशाच मार्गाने जपले गेले. पण ते प्रयोगशाळेचं काम आहे आणि त्यात ती चिप सहसा कामातून जाते.

म्हणून ब्रिक गेम बंद पडला, म्हणजे चिप मेली, की तुमच्यासाठी त्यातली धून गेली. दुसऱ्याच्या ब्रिक गेमवरून घेऊ म्हणाल तर तेही भरवशाचं नाही. बाहेरचं प्लास्टिक सारखं असून आतली चिप वेगळी असू शकते, धून वेगळी असू शकते. जो सगळ्यात स्वस्त, ज्याला कुणी जपून ठेवलं नाही, त्याचंच रेकॉर्डिंग आधी करायला हवं. गेमबॉयची कॅसेट थांबू शकते, हा थांबू शकत नाही.

करायचं सोपं आहे. नवे सेल घाला. स्प्रिंगवर गंज असेल तर कापसाच्या काडीवर थोडा लिंबाचा रस घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने (इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयपीए म्हणून मिळतं) स्वच्छ करून पूर्ण सुकू द्या. पंखा बंद करा, खोलीचं दार लावा, मोबाईल स्पीकरच्या भोकांपासून वीतभर लांब ठेवा आणि सुरुवातीची धून, हरल्याची धून, ओळ फुटल्याचा आवाज, सगळं वेगवेगळं घ्या. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा ओळखीचा असेल तर त्याला आतल्या बझरवरून मध्ये एक रेझिस्टर टाकून दोन वायरी बाहेर काढून द्यायला सांगा, म्हणजे बाहेरचा आवाज अजिबात येणार नाही.

कायद्याचं थोडक्यात

‘गेम माझा, मग संगीत माझं’ असं नाही. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे कॉम्प्युटर प्रोग्रामलाही संरक्षण आहे. कलम ५२ मध्ये, प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे कायदेशीररीत्या आहे त्याला, ती हरवली किंवा खराब झाली तर म्हणून राखीव प्रत करायला मुभा आहे. खासगी वापराची जी सर्वसाधारण सूट आहे, ती मात्र प्रोग्रामला लागू नाही. संगीताचे हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात, तेव्हा १९८९ ची धून मोकळी झालेली नाही. रशियन लोकगीत जुनं असलं तरी त्याची गेमबॉयसाठीची बांधणी जुनी नाही. घरातल्या कॅसेटची प्रत कपाटात ठेवणं एक, आणि ती व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं किंवा पेन ड्राइव्हवर भरून विकणं दुसरं. मार्केटमध्ये ‘३२ इन १’ म्हणून ज्या बिनलेबलच्या कॅसेटी मिळायच्या, त्या मुळात कायदेशीर प्रती नव्हेतच. वाचक यंत्राला त्या कधी कधी नीट कळतही नाहीत, नुसता पहिला खेळ दिसतो.

कॅसेट हाती घेण्याआधी

फुंकर मारू नका. लहानपणी आपण सगळ्यांनी मारली, पण तोंडातली वाफ सोनेरी पट्ट्यांवर बसते आणि आधीच खाऱ्या हवेत राहिलेल्या धातूला ती नको असते. आयपीए आणि कापसाची काडी, दोन-तीनदा, काडी काळी यायची थांबेपर्यंत. प्रत उतरवताना दोनदा उतरवा आणि दोन्ही फायली तंतोतंत सारख्या आहेत का ते बघा. नसतील तर पट्ट्या अजून मळलेल्या आहेत.

ज्या गेममध्ये खेळ ‘सेव्ह’ व्हायचा त्याच्या कॅसेटमध्ये बहुधा नाण्यासारखा एक बटण सेल असतो. त्याचं आयुष्य संपत आलेलं असतं, कित्येकांचं संपलंही आहे. तो संपला म्हणून संगीत जात नाही, पण कुणी कुठपर्यंत खेळलं होतं, खेळाडूला काय नाव दिलं होतं, ते पुसलं जातं. तो सेल बदलायचा म्हणजे डाग देऊन काढावा लागतो, आणि काढला की जे आहे तेही गेलं. तेव्हा आधी वाचक यंत्राने सेव्हची वेगळी फाईल उतरवून घ्या, मग सेलला हात लावा. कॅसेटचा स्क्रूही साधा नसतो, त्याला खास तोंडाचा पाना लागतो. चाकूने उचकटू नका.

फायलींना नाव देताना गेमचं नाव आणि लेबलवरचे सगळे आकडे लिहा, मूळ प्रत, काढलेली जीबीएस आणि वाजवून केलेलं रेकॉर्डिंग तिन्ही एका फोल्डरमध्ये ठेवा. सोबत साध्या मजकुराची एक फाईल ठेवा : हा गेम कुणी, कुठल्या देशातून, कुठल्या वर्षी आणला, आणि घरात तो सगळ्यात जास्त कोण खेळायचं.